रेघेपुढची जागा

काशिनाथदादा गेल्याची बातमी मला त्यांच्या धाकट्या भावाने दिली. तो वाचनालयाचा जिना चढून वर आला, चपला दाराबाहेर काढल्या, जे आमच्याकडे कुणीच करत नाही, आणि माझ्या टेबलासमोर उभा राहिला. "सर, दादा गेला. काल सकाळी. बांधावर, उघाडीजवळ पडलेला सापडला. डॉक्टर म्हणाले, हार्ट." मी खुर्चीतून अर्धवट उठलो आणि तसाच थांबलो. त्याने माझ्या संगणकाकडे मान वळवली. "त्या दिवशी तुम्ही मला दाखवलंत ना? दादाचं नाव, गाव, जन्माचं साल आणि पुढं एक रेघ मारून ठेवलेली. तिच्यापुढं आता लिहून टाका." मी "हो" म्हणालो. का म्हणालो, ते आजही कळत नाही. तो उतरून गेल्यावर खालच्या गल्लीतले कापडाचे लूम एकाएकी मोठ्याने चालू लागल्यासारखे वाटले. ते तर दिवसभर चालूच असतात...

त्या रेघेबद्दल आधी सांगायला हवं. वाचनालयाच्या तालिकेत, म्हणजे पुस्तकांच्या सूचीत, लेखकाचं नाव लिहिताना, एका नावाची दोन माणसं असली तर वेगळी ओळखू यावीत म्हणून आम्ही नावापुढे जन्मसाल लिहितो. माणूस हयात असेल तर त्यापुढे एक आडवी रेघ मारतो आणि जागा मोकळी सोडतो. हजारो नावांपुढे अशा रेघा आहेत. इतकी वर्षं मी त्या मारत आलो. त्या मोकळ्या जागेकडे कोणी टक लावून बघत असेल, असं कधी मनात आलं नव्हतं.

काशिनाथ भोईर अंजूरचे. खाडीच्या कडेला त्यांचं वडिलोपार्जित खाजण होतं, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून सोडवलेली भातजमीन. आजूबाजूची शेतं भराव टाकून गोडाऊनखाली गेली, यांनी मात्र आपला तुकडा ठेवला होता. पोटासाठी त्यातल्याच एका गोडाऊनमध्ये आलेला माल उतरवून घ्यायची ड्युटी करत. शनिवारी लवकर सुटत आणि रिक्षाने भिवंडीला येऊन थेट आमच्याकडे. खिडकीजवळची खुर्ची त्यांची. पुस्तक घेतलं की गोष्टीआधी ते आतल्या पानावरची नावं वाचत. लेखक, अनुवादक, संपादक, चित्रं काढणारा, प्रस्तावना लिहिणारा. एकदा म्हणाले, "एवढी मानसं लागतात एका पुस्तकाला? आमच्या नांगराला दोन बैल पुरत." मग मी त्यांना माझं काम समजावून सांगितलं. पुस्तकाशी ज्याचा ज्याचा संबंध आहे त्याचं नाव लिहायचं आणि संबंध कोणता तेही लिहायचं, म्हणजे कुठल्याही नावाने शोधलं तरी वाचक पुस्तकापर्यंत पोचतो. त्यांनी विचारलं, "आन् गोष्ट एकानं सांगितली, लिवली दुसऱ्यानं, तर?" मी म्हणालो, "सांगणाऱ्यासाठीही जागा आहे." "बरं हाय," ते म्हणाले. "म्हंजे तुमच्यातून कुनी सुटत न्हाय."

असेच एका शनिवारी त्यांनी पिशवीतून एक पातळ कथासंग्रह काढून माझ्यासमोर ठेवला. लेखकाचं नाव होतं नुसतं 'खाजणकर'. मी पान उलटलं, चाळलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि ते खिडकीबाहेर बघू लागले तेव्हा समजलो. "घरात बायको सोडून कुनाला ठाऊक न्हाय," ते म्हणाले. "तुमी दुसरे." मी म्हणालो, "मग नाव का नाही घातलं?" त्यावर त्यांनी जे सांगितलं ते माझ्या कानात अजून आहे. "नाव घातलं की ती गोष्ट ऱ्हात न्हाय, सर. फिर्याद व्हते." मी शब्द दिला की कुणाला सांगणार नाही.

त्या संग्रहातली मधली कथा वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता. खाजणाच्या बांधात एक लाकडी दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. भरतीला ते लावायचं, ओहोटीला उघडायचं, म्हणजे पावसाचं पाणी निघून जातं आणि खाडीचं आत येत नाही. कथेतला माणूस शेजाऱ्याच्या शेताची उघाडी उधाणाच्या दिवशी गुपचूप उघडी ठेवतो. पुढच्या उधाणालाही ठेवतो. शेत खारं होतं, भात होत नाही, शेजारी थकतो आणि जमीन विकतो. घेणारा तोच. मग भरावाच्या गाड्या येतात. कथेत कुणाचं नाव नव्हतं. पण त्या माणसाची चपला दाराबाहेर काढून आत यायची सवय तिच्यात होती. तेव्हा मला त्या सवयीचा अर्थ कळला नव्हता.

कित्येक वर्षं ते पुस्तक कपाटात नुसत्या 'खाजणकर' या नावावर राहिलं. मग आमची तालिका संगणकावर आली. घरबसल्या फोनवर कुणालाही शोधता येऊ लागली. प्रत्येक पुस्तकाच्या नोंदीत टोपणनावामागचं खरं नाव लिहायला एक चौकट होती. शिक्षण घेताना आम्हांला हेच शिकवलं होतं की टोपणनावामागचा माणूस ठाऊक असेल तर दोन्ही नावं एकमेकांना बांधावीत. काउंटरवर बसणारी नसीमा माझ्या शेजारी नोंदी तपासत होती. मी नाव टाइप करताना तिने पाहिलं. "सर, उन्होंने खुद नहीं लिखा, तो आप काहे को लिखताय? दुनियाभर का नाम आपकोच लिखना है क्या?" मी हसून म्हणालो, "नियम आहे गं."

नियम होता, हे खरं. पण असे कितीतरी नियम मी आळसाने सोडून दिले आहेत. ही नोंद मात्र मी मन लावून केली. आपल्या भिवंडीत असा एक लिहिणारा आहे आणि तो मला ठाऊक आहे, हे मला कुठेतरी लिहून ठेवायचं होतं. शब्द मोडायचा नव्हता आणि मिरवायचंही होतं. म्हणून मी ते अशा ठिकाणी लिहिलं जिथे, मला वाटलं, कुणी बघत नाही. त्यातून, काशिनाथ भोईर याच नावाच्या दुसऱ्या एका गृहस्थांचा अभंगसंग्रह आमच्याकडे होता. दोघांची गल्लत नको म्हणून मी दादांच्या नावापुढे, त्यांच्या सभासदत्वाच्या अर्जावरून पाहून, जन्मसाल लिहिलं, गाव लिहिलं आणि रेघ मारली. काम चोख झालं म्हणून त्या दिवशी मी खूश होतो.

पुढे जे झालं ते कुणी वाईट हेतूने केलं नाही. गावातल्या मंडळाची मुलं गुणवंतांच्या सत्कारासाठी नावं गोळा करत होती. कुणीतरी फोनवर आमच्या तालिकेत 'अंजूर' असं टाकून पाहिलं. एका सकाळी नसीमाने मला तिच्या मोबाइलवर एक फोटो दाखवला. नाक्यावरचा मोठा बॅनर, त्यावर कुठल्याशा लग्नातला फेटा बांधलेला काशिनाथदादांचा चेहरा, खाली 'अंजूरचे सुपुत्र, साहित्यिक खाजणकर यांचे हार्दिक अभिनंदन'. "अपने शनिवारवाले दादा," ती म्हणाली. "हीरो बना दिया इनको." मी हसलो. मग बॅनरवरचं 'खाजणकर' पुन्हा वाचलं.

दादांनी गावात सांगितलं की तो मी नव्हे, आमच्या नावाची माणसं गल्लोगल्ली आहेत. बऱ्याच जणांनी ते मानलंही. दुसऱ्या दिवशी बॅनर नाक्यावर नव्हता. फाडलेला नव्हता, दोऱ्या कापलेल्या नव्हत्या. कुणीतरी गाठी सोडवून, नीट घडी घालून नेला होता. फाडला असता तर मला इतकी भीती वाटली नसती.

त्यानंतर दादांचा धाकटा भाऊ पहिल्यांदा वाचनालयात आला, चपला दाराबाहेर काढून. पुस्तक मागितलं आणि टेबलापाशी बसून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. नसीमाने विचारलं तेव्हा चहाही घेतला. मग पुस्तक माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "चांगलं लिहिलंय. आमच्या घरातलंच आहे सगळं. किती प्रती आहेत तुमच्याकडं?" मी म्हणालो, "एकच." "सांभाळा," तो म्हणाला. "दादा म्हणतो, हा दुसरा कुणी. तुमचं काय म्हणणं?" त्या वेळी मला एवढंच म्हणायचं होतं की आमची चूक झाली असेल, गल्लत होते. एक वाक्य. ते दुसरे काशिनाथ भोईर अभंग लिहून माझ्या उपयोगी पडायला तयार बसले होते. पण आयुष्यभर ज्या एका गोष्टीत मी चूक केली नाही, तिच्यात चूक झाली असं तोंडून निघेना. मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. त्याने बोट ठेवून वाचलं. नाव, गाव, साल. "ही रेघ कसली?" त्याने विचारलं. मी समजावून सांगितलं. तो म्हणाला, "असं होय."

त्याच संध्याकाळी मी खऱ्या नावाची ती सगळी ओळ काढून टाकली. शनिवारी दादा आले तेव्हा त्यांना घडलेलं सगळं सांगितलं, ओळ काढल्याचंही सांगितलं. त्यांनी पिशवीतलं वाचलेलं पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. मग हसले. "आदी न इचारता लावलंत, आता न इचारता काढलंत." मी म्हणालो, "तुम्ही सांगा, मी तसं करतो." ते म्हणाले, "इचार करून सांगतो." आणि नेहमीसारखं पुस्तक बदलून घेऊन गेले.

पुढच्या उधाणाला त्यांच्या शेतात खारं पाणी शिरलं. "यंदा भात न्हाय," एवढंच त्यांनी सांगितलं. मी विचारलं, "उघाडी उघडी राहिली का?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं चुकीचं उत्तर देणाऱ्या हुशार पोराकडे बघावं. "उघाडी आपसूक उघडते का, सर? मीच लिवलंय ना, कशी उघडते ती." त्यानंतर भरती मोठी असेल त्या दिवशी ते स्वतः बांधावर जाऊन बसू लागले. शेवटच्या शनिवारी माझ्या टेबलापाशी आले तेव्हा मी पुन्हा विचारलं, नावाचं काय ठरलं. "पुनवेचं उधाण जाऊ द्या," ते म्हणाले. "मंग सांगतो."

ते सांगायचं राहिलं. मी इथे कुणावर आरोप करत नाही. डॉक्टरांनी हृदय म्हटलं आहे आणि तसंच असेल. भावाचं नावही लिहीत नाही, कारण त्याला विचारल्याशिवाय त्याचं नाव कुठे लिहायचं नाही, एवढं मी आता शिकलो आहे.

काही दिवसांनी वहिनी आल्या, दादांकडे राहिलेली दोन पुस्तकं परत करायला. काउंटरवर ती ठेवून माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "त्यांचं नाव हाय ना तुमच्या कंप्युटरात? दाखवा मला. मी कदी बघितलं न्हाय." मी शोधलं. शोधायची गरज नव्हती, तरी शोधलं. काशिनाथ भोईर, अभंगवाले, एवढेच आले. "हे ते न्हवं," त्या म्हणाल्या. मी खाली मान घालून सांगितलं की मीच लावलं होतं आणि मीच काढलं. त्या दादांच्या खुर्चीत बसल्या. पदराने चेहरा पुसला. "दीर बोलतो, दादानं काय लिवलंच न्हाय, वाचनालयवाल्याची गल्लत हाय. शेत देऊन टाक, बोलतो, खारंच झालंय. मी देत न्हाय. पन उद्या कुनी इचारायला आलं तर धाडू कुठं? तुमी सांगाल ना, ह्याच मानसानं लिवलंय म्हनून?"

भावासमोर जिथे खोटं बोलायला हवं होतं तिथे मी स्क्रीन वळवून खरं सांगितलं होतं. आता तेच खरं मला पुन्हा, उघड बोलायचं होतं. "सांगेन," मी म्हणालो. "वहिनी, नाव लावू का?" नसीमा पाणी घेऊन आली, ते त्या प्यायल्या. मग म्हणाल्या, "लावा. गाव बी लिवा." मी त्यांच्यासमोर टाइप केलं. खाजणकर, म्हणजे काशिनाथ भोईर, अंजूर. जन्माचं साल, पुढे रेघ. "आणि पुढचं?" मी विचारलं. त्यांनी त्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. "ते ऱ्हाऊ द्या. मी सांगेन तवा." हा लेखही त्यांना विचारून लिहितो आहे.

आता शनिवारी भाऊ येतो. चपला दाराबाहेर काढतो, त्या खुर्चीत बसतो, वर्तमानपत्र उघडतो आणि पान उलटत नाही. जाताना माझ्या टेबलापाशी थांबून विचारतो, "लिहिलं का साल?" मी "नाही" म्हणतो. एका खेपेला त्याने स्क्रीनवरचं परत आलेलं नाव पाहिलं. "वहिनींनी सांगितलं की लिहीन," मी म्हणालो. तो हसला. "वहिनी एकटीच असते तिकडं. उद्या उधाण आहे, उघाडी नीट लावली का बघून येतो मी आत्ताच." आणि सावकाश जिना उतरला.

मी नसीमाच्या हाती चावी दिली आणि त्याच्या मागच्याच रिक्षाने अंजूरला गेलो. वहिनींच्या ओट्यावर आम्ही तिघं बसलो, भरती चढून ओसरेपर्यंत. वहिनींनी चहा दिला, त्यालाही दिला. अंधार पडायच्या आधी तो उठला, चपला घातल्या आणि गेला. वहिनी बांधाकडे बघत म्हणाल्या, "ते दर शनिवारी तुमच्याकडं यायचे. आता तुमी या. चहा हितं बी मिळतो." आता आमचं वाचनालय शनिवारी दुपारी लवकर बंद होतं. तशी पाटी नसीमाने दारावर लावली आहे. सभासद कुरकुरतात. निघण्यापूर्वी मी कपाटात ते पातळ पुस्तक जागेवर आहे का ते बघतो आणि संगणकावर ती ओळ उघडून बघतो. नाव, गाव, साल, रेघ. पुढची जागा मोकळी आहे.