पियानोच्या मागचा बेसूर आवाज

एका जगप्रसिद्ध पियानोवादकामुळे माझी बायको माझ्याशी चार दिवस बोलली नाही. (पहिल्या दिवशी ते माझ्या लक्षातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी माझा चष्मा सापडेना, तेव्हा परिस्थितीचं गांभीर्य कळलं.)

त्याचं असं झालं. माझा मेहुणा अविनाश जर्मनीत असतो. गेल्या मे महिन्यात तो रत्नागिरीला आला, आठवडाभर दिवसाला डझनाच्या हिशेबाने हापूस खाल्ले आणि जाताना आमच्या टेबलावर एक काळा खोका ठेवून गेला. खोक्यात त्या पियानोवादकाच्या चोवीस सीड्या आणि सोबत एक सीडी प्लेअर.

"भावोजी, आता रिटायर झालायत. निवांत ऐका. हा माणूस म्हणजे पियानोतला देव आहे," अविनाश म्हणाला. "काही अडलं तर फोन करा."

"मला काय अडणार?" मी म्हटलं.

आता माझी योग्यता सांगतो. मी छत्तीस वर्षं मत्स्यव्यवसाय खात्यात काढली. बांगडा ताजा की शिळा, हे मी दहा फुटांवरून सांगतो. पियानोबद्दल माझं ज्ञान एवढंच होतं, की ती वस्तू काळी असते आणि सिनेमात श्रीमंत माणूस दुःखी झाला की तिच्यासमोर बसतो. पण आठ दिवसांत मी तज्ज्ञ झालो! खोक्यात एक जाडजूड पुस्तिका होती. ती जर्मन भाषेत होती, म्हणून काय झालं? मी ती पडवीत, रस्त्यावरून दिसेल अशा बेताने उघडून बसायचो आणि मधूनमधून "वा!" म्हणून पान उलटायचो.

मग मला रत्नागिरीतल्या आमच्या सगळ्या मांडवीची कीव येऊ लागली. संध्याकाळी किनाऱ्यावर फिरायला गेलो की भेटेल त्याला मी थांबवायचो. "काय ऐकता तुम्ही? फोनवरची गाणी? छे! कानाला वळण लावा, वळण!" थोड्याच दिवसांत असं झालं, की मी समोरून येताना दिसलो की लोक चपला हातात घेऊन पाण्यात शिरायचे.

घरातही तेच. माझी बायको सुमन आमच्या आळीच्या महिला भजनी मंडळात पुढे बसून गाते. तिचा आवाज चांगला आहे, असं सगळे म्हणतात. मी म्हणालो, "तुमची ती पेटी म्हणजे काय गं? एका हाताने वारा घालायचा आणि दुसऱ्या हाताने बोंबलायचं! हे ऐक. दहा बोटं! दहाच्या दहा!"

"बरं," सुमन म्हणाली आणि कोळंबी सोलायला बसली.

सगळ्यात जास्त कीव मला आमच्या शेजारच्या साळवींची यायची. साळवी पंचाहत्तरीचे. सगळी हयात बोटीवर वाढप्याचं काम केलेले. दिवसभर गंजीफ्रॉक घालून पडवीत जाळी विणत बसतात. ज्या माणसाने आयुष्यभर बोटीचा भोंगाच ऐकला, त्याच्यापुढे पियानोचं नाव तरी काय काढायचं? मी त्यांच्याशी फक्त नळाच्या पाण्याबद्दल बोलायचो.

इतकं झाल्यावर मी थांबायला हवं होतं. पण मी मांडवीतल्या वीस-पंचवीस निवृत्त मंडळींना रविवारी संध्याकाळी पाच वाजता घरी बोलावलं. कार्यक्रमाचं नाव, 'पियानो : ऐकावा कसा?' वक्ता अर्थातच मी.

तयारी म्हणून मंगळवारी दुपारी मी सातवी सीडी लावली. संथ चाल, एकेक सूर सावकाश पडत होता. मी डोळे मिटले. आणि तेवढ्यात मागून कोणीतरी हळूच म्हणालं,

"हूंऽऽ हूं हूंऽऽ."

मी डोळे उघडले. खोलीत कोणी नव्हतं! सीडी मागे नेली, पुन्हा लावली. पियानोच्या मागे पुन्हा तेच. "हूंऽऽ हूं." दाढ दुखणाऱ्या माणसाला जबरदस्तीने गायला बसवल्यासारखा आवाज. आणि बेसूर! पार बेसूर!

मी सरकारी नोकरी केलेली आहे. चौकशी कशी करतात, ते मला शिकवायला नको. पहिला संशयित, यंत्र. मी बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे प्लेअर नेला. त्याने तो उघडला, फुंकर मारली, स्वतःच्या दुकानातल्या गाण्याची सीडी लावून ऐकली.

"मशीन ठणठणीत आहे, काका," तो म्हणाला. "कान कधी तपासलेत?"

मी त्याच्याकडे तुच्छतेने बघितलं आणि निघालो.

दुसरा संशयित, साळवी. त्यांची पडवी आमच्या खिडकीला लागून. मी दोन घरांमधल्या दगडी गडग्यापाशी गेलो.

"साळवी, मी संगीत ऐकत असताना तुम्ही गुणगुणू नका!"

"मी?" साळवींनी जाळं खाली ठेवलं. "मी कशाला गुणगुणू ओ? माझी कवळी त्या पेल्यात हाय. पण साहेब, तुम्ही लावलंवतं ना, ते मी पण ऐकत होतो. तो आवाज म्हंजे त्या—"

"पियानो आहे तो. तुम्हाला नाही कळायचं."

"तेच सांगतो. बोटीवर असताना—"

"साळवी, हे भोंग्यासारखं नसतं!" असं म्हणून मी पाठ फिरवली. तोंडात दात नसलेला माणूस असा आवाज काढू शकणार नाही, हे मला पटलं होतं. साळवी निर्दोष सुटले.

घरात उरलं कोण? सुमन.

बुधवारी सकाळी मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. "तू माझ्या पियानोमागे गुणगुणतेस."

"अहो, मी तोंडसुद्धा उघडलेलं नाही."

"तुला कळत नसेल. भजनाची सवय! आणि गुणगुणायचं तर निदान सुरात तरी. किती बेसूर!"

सुमनच्या हातातली पळी थांबली. "काय म्हणालात?"

"बेसूर," मी म्हणालो. (शहाण्या माणसाने दुसऱ्यांदा विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बदलायचं असतं. मी उच्चार आणखी स्पष्ट केला.)

त्यानंतर आमच्या घरात एक शब्द ऐकू आला नाही. जेवणाचं ताट टेबलावर यायचं, पण असं आपटत, की आमटी स्वतःहून भातावर उडायची. आणि गंमत म्हणजे एवढं कडक मौन असूनही सीडी लावली की मागे "हूंऽऽ हूं" चालूच! दुसऱ्या कोणाला यावरून काही उमगलं असतं. मी असा निष्कर्ष काढला, की ही आता मुद्दाम, मला छळायला, ओठ मिटून नाकातून गुणगुणते आहे.

रविवार उजाडला. पाच वाजता पडवी भरली. भजनी मंडळाच्या बायकाही आल्या. त्यांना सुमनने बोलावलं असावं. साळवी इस्त्रीचा शर्ट घालून आणि कवळी लावून मागच्या खुर्चीत बसले. मी पंचवीस मिनिटं बोललो. 'सुरांची खोली' हा शब्दप्रयोग मी नऊ वेळा केला. (हे मला नंतर कळलं. मागे दोघे मोजत होते.) मग सातवी सीडी लावली.

एक मिनिट ठीक गेलं. मग आलंच ते. "हूंऽऽ हूं हूंऽऽ."

माणसं एकमेकांकडे बघू लागली. एका काकांनी खुर्चीखाली वाकून पाहिलं. इतक्या लोकांत माझा पियानो बदनाम होत होता, आणि तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं,

"मंडळी, माफ करा. हा जो मागे बेसूर आवाज येतोय, तो सीडीतला नाही. आमच्या स्वयंपाकघरातला आहे. सौभाग्यवतींना सवय आहे."

भजनी मंडळाच्या बायकांनी माझ्याकडे असं बघितलं, की तसं बांगड्याकडेही मी कधी कापण्यापूर्वी बघितलं नसेल.

स्वयंपाकघराचं दार उघडलं. सुमन बाहेर आली. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता. ती शांतपणे प्लेअरजवळ येऊन उभी राहिली, तोंड लोकांकडे केलं, तांब्यातलं पाणी तोंडात घेतलं आणि गाल फुगवून तशीच थांबली. मग बोटाने मला खूण केली. लावा.

मी लावलं.

पियानो सुरू झाला. सुमनचे गाल टम्म फुगलेले. आणि मागून, स्वच्छ, खणखणीत, "हूंऽऽ हूं हूंऽऽ!"

आधी कोणीतरी खोकलं. मग एकाने फुस्स केलं. मग जी पडवी हसली! छपरावरचे कावळे उडाले!

सुमनने तांब्यात नाही, अंगणातल्या तुळशीपलीकडच्या अबोलीत पाणी टाकलं, पदराने तोंड पुसलं आणि चार दिवसांनंतर पहिल्यांदा बोलली.

"अहो, तो बाप्याचा आवाज आहे. जाड, घोगरा बाप्याचा! लग्नाला पस्तीस वर्षं झाली. बायकोचा आवाज आणि बाप्याचा आवाज यातला फरक ज्यांना कळत नाही, ते सुरांची खोली मोजायला निघालेत!"

यावर मी काही बोलणार, तेवढ्यात मागून साळवी उठले.

"मी सांगू काय? तो वाजवणाराच गुणगुणतोय. आमच्या बोटीचा कप्तान जेवणाच्या टायमाला रोज ह्याच माणसाच्या रेकॉर्डी लावायचा. पहिल्या दिवशी मी पण जाऊन म्हटलं, सायब, कोणतरी कण्हतंय. कप्तान हसला. म्हणाला, हा एवढा रंगून वाजवतो, की आपलं तोंड चाललंय हे त्याला कळतच नाय. अकरा वर्षं वाढलं मी ह्या वाजवण्यावर. साहेबांना सांगायला गेलो, पण ते घाईत होते." मग ते सुमनकडे वळून म्हणाले, "वहिनी, दुसऱ्या सीडीत तर तो पायपण आपटतो. लावता काय?"

लावली. खरंच आपटत होता! पुढचा दीड तास साळवी बोलत होते. कुठे तो चुकतो, कुठे मुद्दाम थांबतो, कुठे कप्तान जेवता जेवता चमचा खाली ठेवायचा. भजनी मंडळाच्या बायका साळवींना प्रश्न विचारत होत्या. एकीने तर त्या संथ चालीवर ताल धरला आणि सुमन खरोखरच गुणगुणू लागली, त्या बाप्याच्या जोडीने. सुंदर वाटत होतं. मी आत जाऊन सगळ्यांसाठी कोकम सरबत करत होतो, कारण बाहेर माझं काहीच काम उरलं नव्हतं.

मंडळी गेल्यावर मी सुमनची माफी मागितली. "चुकलं माझं. तू बेसूर नाहीस."

"माझं राहू दे," ती म्हणाली. "त्या देवमाणसालाही बेसूर म्हणालात, जगात ज्याच्यापुढे लोक माना झुकवतात त्याला. त्याची माफी कोण मागणार?"

मला झोंबलं. मी लगेच अविनाशला फोन लावला, सगळं सांगितलं. (तिकडून फक्त उशीत तोंड खुपसल्यासारखा आवाज येत होता.) मी विचारलं, "हे गृहस्थ हयात आहेत का? पत्र लिहीन म्हणतो."

"नाही हो, भावोजी. जाऊन पुष्कळ वर्षं झाली त्यांना."

मी हात जोडले. मनापासून वाईट वाटलं. आणि खोटं कशाला बोलू, थोडं हायसंही वाटलं. मांडवीत, सुमनच्या फोनमुळे सावर्ड्यात तिच्या बहिणीकडे आणि आता जर्मनीतसुद्धा माझं संगीतातलं ज्ञान किती आहे ते पोचलं होतं. ज्याला ते कळलं नाही असा संगीतातला जाणकार आता एकच उरला होता, आणि तोही वेळेवर गेला म्हणून!