ओळखीच्याची मदत चालत नाही

किस्से काय, आमच्या टपरीवर रोज दोन-चार पैदा होतात. धुळ्यात पहाटे सायकल मारायची, देवपुरातल्या टपरीवर यायचं आणि दहा किलोमीटरची सायकल वीस किलोमीटर करून सांगायची, असा आमचा शिरस्ता. पण त्या वर्षी नानांनी जे केलं, त्यात कोणाला एक किलोमीटरही वाढवावा लागला नाही. उलट मी कमी करून सांगतो, तरी लोक म्हणतात, भाऊ, फेकू नका!

आता माणसं सांगून टाकतो, म्हणजे घोळ नको. मी, मेडिकलचं दुकान चालवतो. सलीमभाई, यांचं सायकल रिपेअरिंगचं दुकान, आजोबांपासूनचं. आणि नाना. सरकारी ऑफिसात बडे बाबू, वय पंचावन्न, पोट टेबलाला टेकतं आणि चष्मा कपाळावर. नानांची सगळ्यात लांबची राइड म्हणजे लळिंगपर्यंत, दहा किलोमीटर, आणि तीही जाताना. येताना सायकल टेम्पोत आणि नाना ड्रायव्हरशेजारी.

तर हे नाना एका सकाळी चहा फुंकत म्हणाले, "मी फॉर्म भरलाय."

आम्हाला वाटलं, पेन्शनचा असेल.

म्हणाले, "माउंटन बाइकची रेस. तीनशे किलोमीटर, छत्तीस तास. सातपुड्यातून."

सलीमभाईंचं बिस्कीट चहात पडलं. ते बुडेपर्यंत सलीमभाई त्याच्याकडे बघत राहिले, काढलं नाही. मग हळूच म्हणाले, "नाना, घरी सगळं ठीक ना?"

*

माणूस रेस लावतो तर आधी काय करतो? सायकल चालवतो. नानांनी आधी फाइल उघडली.

रेसची नियमावली बावीस पानी. नानांनी ती प्रिंट काढली, पंचिंग केली, लाल पेन्सिलीनं रेघा मारल्या, समासात शेरे लिहिले. त्यातला सातवा नियम त्यांच्या डोक्यात जो बसला तो बसलाच. वाटेत दुकानातून काय हवं ते विकत घ्या, कोणालाही मिळतं ते घ्या. पण ओळखीच्या माणसाकडून मदत घ्यायची नाही. घेतली की बाद.

आणि बाबूमाणूस! त्यांनी नियम प्रॅक्टिसपासूनच लागू केला. वाटेत पंक्चर झालं, सलीमभाई पंप घेऊन धावले, तर नाना हात आडवा करून उभे. "नको. तू ओळखीचा आहेस." सलीमभाई वीस मिनिटं रस्त्याच्या कडेला पंप धरून बघत बसले आणि नाना फुंकणीएवढ्या पंपानं हवा भरत बसले.

खरा धक्का घरी. राइडहून आले, वहिनींनी नेहमीसारखा पाण्याचा पेला पुढे केला. नाना म्हणाले, "ठेव. मी माझं घेतो."

वहिनी तशाच माझ्या दुकानात आल्या. मला वाटलं औषध हवंय. काउंटरवर पिशवी आपटून म्हणाल्या, "भाऊ, एकतीस वर्षं संसार केला. आता मी बाहेरची मदत का हो?"

मी त्यांना लिमलेटच्या गोळ्या दिल्या.

*

मग आलं वजनाचं खूळ. कोणीतरी सांगितलं की डोंगरात एकेक ग्रॅम भोवतो. झालं! नानांनी टूथब्रशची दांडी कापली. शर्टाच्या कॉलरमागचं लेबल उसवलं. साबणाची वडी चतकोर केली. चावीच्या जुडग्यातून ऑफिसच्या कपाटाची चावी काढून ठेवली, म्हणजे बघा. सलीमभाई रोज भंगारवाल्याच्या काट्यावर सायकल चढवायचे आणि आकडा सांगायचे.

निघायच्या आदल्या दिवशी शेवटचं वजन झालं. सलीमभाई खुश. तेवढ्यात नानांनी पिशवीतून एक स्टीलची बाटली काढली, लिटरभराची, जुन्या घाटाची, जड. तोंडाला फडकं गुंडाळून सुतळीनं बांधलेली. सकाळी निघताना घरच्या माठातून भरणार आणि फ्रेमला आवळणार म्हणे.

सलीमभाई हबकलेच. म्हणाले, "नाना, दोन प्लास्टिकच्या आहेत ना? टूथब्रश तोडता आणि हा धोंडा घेता?"

नाना म्हणाले, "ती राहू दे." आणि बाटली पुन्हा पिशवीत ठेवली.

*

आता जरा गंभीर सांगतो. रेसचा रस्ता असा: रावेरहून निघायचं, सातपुड्याच्या पायथ्यानं यावल, चोपडा, शिरपूर. मग तापी ओलांडायची, शिंदखेडा, सोनगीर आणि शेवट धुळ्यात. आम्ही नकाशा बघत होतो. सोनगीरला रस्ता हायवे सोडून किल्ल्याखालच्या गल्ल्यांतून जात होता. सलीमभाईंनी बोट ठेवलं आणि बोट उचलून घेतलं.

त्या गल्लीत अक्का राहते. नानांची सख्खी मोठी बहीण, दहा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, नानांना तिनंच वाढवलं. शाळेत तीच पोचवायची, अंगठा धरून.

सहा वर्षांपूर्वी नानांच्या मुलीचं लग्न झालं. आत्याला मानाची साडी भावानं स्वतःच्या हातानं द्यायची असते. नेमके त्या वेळी नाना आचाऱ्याशी भांडत होते, वरण कमी पडलं म्हणून. त्यांनी साडी वहिनींच्या भाच्याच्या हातानं पाठवली. एवढंच. पण भर मांडवात अक्का उठली आणि अहिराणीत म्हणाली, "तुन्हा घरनं पानी बी पिसू नही." घोटभर पाणीही न पिता निघून गेली. त्या दिवसापासून बोलणं बंद.

नाना दोनदा गेले होते, कार घेऊन, पेढे घेऊन. अक्का दाराआडून म्हणाली, "पाहुणे, पत्ता चुकले का?" दुसऱ्यांदा तेवढंही बोलली नाही.

मी नानांना सरळ विचारलं, अक्काच्या दारात थांबणार का? नाना चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "थांबायला तिनं थांबवायला पाहिजे ना, भाऊ." रेस पुरी नाही झाली तर लोक हसतील, त्याची मला काळजी नव्हती. दार पुन्हा बंद राहिलं तर हा माणूस मोडेल, याची होती.

*

सकाळी सहाला रावेरहून सुटले. प्रत्येकाच्या सायकलला एक यंत्र, त्यामुळे आमच्या मोबाइलवर नाना म्हणजे एक हिरवा ठिपका. टपरीवर आम्ही त्या ठिपक्याला नजर लावून. ठिपका बरा चालला होता. यावलच्या अलीकडे अचानक रस्ता सोडून आडवा गेला आणि थांबला.

तोच माझा फोन वाजला. वहिनींचे मावसभाऊ, त्यांची त्या बाजूला केळीची बाग. नाना येणार म्हणून घरची मंडळी पहाटेपासून रस्त्यावर उभी. वांग्याचं भरीत, पुऱ्या, ताक, सगळा बेत. आणि आवाज असा की जणू काही आक्रीत घडलंय. "भाऊ, तुमचा माणूस बरा आहे ना? मला लांबून पाहिलं आणि सायकलसकट केळीत पळाला!"

मी त्यांना सातवा नियम समजावून सांगितला. ते मग म्हणाले, "म्हणजे अनोळखी माणसानं भरीत दिलं तर चालतं, आणि मेहुण्यानं दिलं तर नाही? ही कसली रेस?"

शेवटी त्यांनी सगळी मंडळी घरात नेली, तेव्हा कुठे ठिपका केळीतून बाहेर आला. त्या घरात अजून नानांना 'पळालेले पाहुणे' म्हणतात.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाची गोष्ट. ही आम्हाला नंतर कळली, एका पुण्याच्या पोराकडून. शिरपूरच्या वरच्या अंगाला मातीची चढण, सावली नाही, मार्चचं ऊन. पोराचं पाणी संपलं आणि तो दगडावर बसला. मागून नाना आले, सायकल ढकलत. पोरगा स्टीलच्या बाटलीकडे बघून म्हणाला, "काका, एक घोट?"

नाना म्हणाले, "यातलं नाही."

पोराला शरमल्यासारखं झालं. पण नानांनी आपली प्लास्टिकची बाटली काढून त्याच्या हातात दिली, सबंध. दुसरी आधीच रिकामी होती. तिथून पुढचं दुकान अकरा किलोमीटरवर. पोरगा सांगत होता, काकांचे ओठ पांढरे पडले होते, शब्द फुटत नव्हता, आणि फ्रेमला लिटरभर पाणी हिंदकळत होतं. सुतळीची गाठ जशीच्या तशी.

"त्यात काय होतं हो?" त्यानं मला विचारलं. "औषध होतं का?"

मी म्हटलं, पाणी. त्याचा विश्वास बसला नाही.

*

आता किस्सा राहिला एकच.

दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. आम्ही दोघं आधीच व्हॅन घेऊन सोनगीरच्या फाट्यावर मोबाइल धरून बसलो होतो. ठिपका सोनगीरात शिरला आणि थांबला. सहाच्या आत धुळे गाठायचं, वीस किलोमीटर बाकी. पाच मिनिटं झाली, ठिपका हलेना. दहा झाली. चक्कर आली असणार, दुसरं काय! सलीमभाईंनी व्हॅन गावात घातली. आम्ही दोघं अक्काच्या गल्लीच्या तोंडाशी उतरलो आणि एका ओट्याआड उभे राहिलो, कारण आम्हीही ओळखीचे ना.

गल्ली तीन हात रुंद. मधोमध अक्का, हातात तांब्या. समोर नाना, एक पाय जमिनीवर, चेहऱ्यावर मातीचे ओघळ. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर अख्खी गल्ली, सकाळपासून रेस बघायला बसलेली.

अक्का सहा वर्षांनी भावाच्या तोंडाकडे बघून बोलली, "पानी पी ले."

मी सलीमभाईंचा दंड आवळला. प्यायले तर बाद. नाही प्यायले तर अक्का गेली, कायमची.

नानांचा आवाज फाटलेला होता. म्हणाले, "अक्का, चालत नही. नियम शे."

अक्काचा हात खाली आला. म्हणाली, "नियम त मन्हा बी शे." आणि वळायला लागली.

नाना सायकलवर वाकले. बोटं सुजलेली, गाठ सुटेना, शेवटी दातांनी सुतळी तोडली. फडकं काढलं आणि स्टीलची बाटली दोन्ही हातांनी पुढे धरली. परवा सकाळी घरच्या माठातून भरलंय म्हणाले, रावेरहून आणलंय. मग म्हणाले, "मी घेऊ शकत नाही, अक्का. देऊ शकतो."

सलीमभाई माझ्या कानात पुटपुटले, "या अल्लाह, त्यासाठी होती ती!"

अक्का त्या बाटलीकडे किती वेळ बघत होती, मला सांगता येणार नाही. ठिपका, घड्याळ, सगळं माझ्या डोक्यातून गेलं होतं. मग तिनं तांब्या खाली ठेवला, पदर सारखा केला, बाटली घेतली आणि प्यायला लागली. घोटभर नाही. थांबून थांबून, सगळी. रिकामी करून परत दिली, तोंड पुसलं आणि म्हणाली, "गरम शे."

नाना रडत होते, उघड उघड. आम्हीही. नानांनी रिकामी बाटली अडकवली आणि पेडलवर पाय ठेवला.

"थाम," अक्का म्हणाली. आमच्याकडे पाहुणा दारात आला की आधी पायावर पाणी घालतात. तिनं तांब्या उचलला. "पिवाना नियम शे. पाय धुवाना शे का?"

नाना गडबडले. बावीस पानं पाठ होती, पण हे कुठे वाचल्याचं आठवेना. बाबूमाणूस! खिशातून मोबाइल काढला, रेसच्या मॅडमना फोन लावला, स्पीकरवर. सगळी गल्ली कान देऊन. नानांनी विचारलं की सख्ख्या बहिणीनं पायावर पाणी घातलं, तर ती सातव्या नियमात मदत होते का.

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज. बराच वेळ.

"काका," मॅडम म्हणाल्या, "नियमात पायांबद्दल काही नाहीये."

बूट काढायला वेळ नव्हता. अक्कानं बुटांवरच तांब्या ओतला, एका पायावर अर्धा, दुसऱ्यावर अर्धा.

धुळ्याला नाना पाच चोपन्नला पोचले. आम्ही व्हॅननं आधीच जाऊन उभे होतो. कमानीखाली एका पोरीनं त्यांच्या गळ्यात पदक घातलं आणि खाली बघून चक्रावली. मार्च महिना, वाटेत सगळे नाले कोरडे, आणि या काकांचे बूट पाणी गाळत होते.

"काका, हे कुठे भिजलात?"

नाना म्हणाले, "माहेरी जाऊन आलो."