तांबोळी बाईंनी न दिलेली उत्तरं

“असं कसं? शुक्रवारी तर माझ्याशी भांडल्या त्या!” फोनवर माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हे. रविवारची दुपार होती. मी म्हसवडला मेव्हण्याकडे नुकता ताटावर बसलो होतो आणि तांबोळी बाईंचे मिस्टर इकबालभाई पलीकडून सांगत होते, “सर, नसीमा गेली... सांगलीला नेलं होतं सकाळी. हार्ट.” आणि मी त्यांच्याशीच वाद घालत होतो, जणू भांडण अर्धवट असताना माणसाला जाता येत नाही. भांडण तरी कसलं, तर पहिलीतल्या एका पोराने विचारलं, संध्याकाळी सावली लांब का होते, आणि मी लगेच सांगून टाकलं. पार्टिशनपलीकडून बाईंनी ते ऐकलं आणि मधल्या सुट्टीत मला धरलं. परवा त्यांचा चाळीसावा झाला. त्या रविवारी आटपाडीच्या कब्रस्तानात मूठमाती देताना रडू आलं नाही, ते आता लिहिताना येतंय. पण बाईंबद्दल रडत लिहिणं म्हणजे त्यांच्यावर अन्यायच, कारण त्या वर्गात असल्या की माझ्यासारख्या कोरड्या माणसालाही अंगात वारं शिरल्यासारखं व्हायचं.

आमची शाळा आटपाडीच्या पुढे, डाळिंबाच्या बागा संपून मेंढरांची रानं सुरू होतात तिथल्या एका वस्तीवर. दोन शिक्षक. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी बाईंकडे. मध्ये फक्त पत्र्याचं पार्टिशन, त्यामुळे त्यांचा तास मलाही आपोआप व्हायचा. सुरुवातीला मला वाटलं, या बाईंना काही येत नसावं. पोरांनी काही विचारलं की या म्हणायच्या, “अरे वा! तुला काय वाटतं?” दुसरा बोलला की, “हा तर वेगळंच म्हणतोय. आता कसं तपासायचं?” मी वीस वर्षं उत्तरं देऊन देऊन घसा बसवलेला माणूस. माझ्या वर्गात शांतता असायची आणि त्याचा मला गर्व होता. त्यांच्या वर्गात सदा गलका. एकदा मी चिडून म्हणालो, “बाई, सरळ सांगून टाका की! पोरं वाट बघतायत.” त्या हसून म्हणाल्या, “वाट बघू द्या ना सर. मजा तिथंच आहे.”

पहिल्या उन्हाळ्यातली गोष्ट. पोरं म्हणाली, घोंगडं गरम असतं. मेंढपाळांची पोरं ती, घोंगड्यावरच वाढलेली. बाईंनी दुसऱ्या दिवशी स्कूटीवरून डबाभर बर्फ आणला. सारखे दोन गोळे केले. एक उघडा ताटलीत, दुसरा घोंगड्यात गुंडाळून ठेवला. आधी कुठला वितळेल? सगळ्या वर्गाचा एकच गिल्ला, “घोंगड्यातला!” तासाभराने ताटलीत नुसतं पाणी, आणि घोंगडं उघडलं तर आत गोळा जवळजवळ तसाच! काय आरडाओरडा झाला म्हणून सांगू... माझी पहिली-दुसरी पाटीपेन्सिल टाकून तिकडे पळाली आणि त्यांच्या मागोमाग मीही. एक पोरगा कंबरेवर हात ठेवून घोंगड्याला विचारत होता, “मंग थंडीत आमाला फसवतंय व्हय रं?” बाई गप्प. दुसऱ्या दिवशी पोरांनी शाळेतला तापमापक रिकाम्या घोंगड्यात गुंडाळून बघितला, मग दप्तरात, मग चादरीत. चार दिवस हेच चाललं. उत्तर माझ्या जिभेवर नाचत होतं, मी ओठ आवळून धरले होते. चौथ्या दिवशी एका पोरीने उत्तर काढलं, “बाई, घोंगडं गरम न्हाईच. ते आतलं भाईर जाऊ देत न्हाई आन् भाईरचं आत येऊ देत न्हाई.” बाईंनी टाळी वाजवली आणि स्वतःच उडी मारली. चाळिशी उलटलेली बाई, साडीत, वर्गात उडी मारते! त्या दिवशी मी घरी जाऊन बायकोला हे तीनदा सांगितलं.

पण माझी खोड जाईना. आणि त्या खोडीपायी मी शाळाच घालवायला निघालो होतो.

शाळेला बोअर मंजूर झाली. जागा दाखवायला वस्तीवर एकच माणूस, बिरा आबा. पंचक्रोशीतला नावाजलेला पाणाड्या. तळहातावर नारळ आडवा ठेवून चालायचं, खाली पाणी असेल तिथे नारळ आपोआप उभा राहतो, ही त्यांची विद्या. त्यांची नात पूजा बाईंच्या चौथीत. तिने वर्गात विचारलं, “बाई, नारळाला पानी कसं कळतं?” बाई नेहमीप्रमाणे म्हणाल्या, “उद्या आबा येणारच आहेत. आपण काय काय बघूया, लिहून काढा.” पोरं लिहायला लागली. आणि मी, हात दाखवून अवलक्षण, मधल्या सुट्टीत पोरांना सांगून मोकळा झालो, “अरे, काही नसतं ते. हाताचा झटका असतो. थोतांड आहे सगळं.”

दुसऱ्या दिवशी आबा आले ते नारळ न घेता. डोक्याला पटका, हातात काठी, डोळे लाल. “नातीचा दाखला द्या. पन्नास वर्सं लोकांस्नी पानी दावलं मी. कवा कुनाकडनं दमडी घेतली न्हाई. आन् शाळा तिला शिकिवती, आजा खोटारडा हाय?” मागे भावकीतले आणखी दोघे उभे, त्यांच्याही पोरांचे दाखले हवे होते. वस्तीच्या फाट्यापर्यंत इंग्लिश मीडियमची पिवळी गाडी येतच होती. आमचा पट आधीच काठावर. ही चार-पाच पोरं गेली असती तर एका शिक्षकाची बदली ठरलेली, आणि उद्या शाळेला कुलूपही. माझी मान वर होईना. बाई पुढे झाल्या. मी म्हटलं, आता माफी मागतील. त्या म्हणाल्या, “आबा, नारळ का उभा राहतो ते मला खरंच माहीत नाही. पोरांनाही बघायचंय. तो कसा धरायचा, तेवढं शिकवाल का त्यांना? दाखले मग देते.” आबांनी त्यांना एकदा आपादमस्तक न्याहाळलं. मग म्हणाले, “उंद्या येतो,” आणि गेले.

ते गेल्यावर बाई माझ्याकडे वळल्या. त्यांना खऱ्या रागात मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. “सर, तुमचं उत्तर बरोबरही असेल. पण प्रश्न पूजाचा होता. तुम्ही तिच्या तोंडचा घास काढून खाल्लात. पोटही तुमचंच भरलं ना?” मला इतकं लागलं की त्या दिवशी मी त्यांच्यासोबत चहा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी आबांनी आधी स्वतः फिरून दाखवलं. स्वयंपाकाच्या खोलीमागे नारळ खरंच उभा राहिला. पोरांनी तिथे पांढऱ्या फक्कीने खूण केली. मग आबांनी एकेकाच्या हातावर नारळ ठेवला, आणि तिघांच्या हातावर तो उभा राहिला! पोरं किंचाळली. मीही घेऊन बघितला. माझ्या हातावर हलला हो नारळ, अंगावर काटा आला! गलका ओसरल्यावर पूजा हळूच म्हणाली, “आबा... डोळं बांधून जमंल का?” भावकीतल्या एकाने “ए पोरी!” म्हणून दटावलं. मला वाटलं, संपलं, आता दाखले लिहायला घ्यावे लागणार. आबांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि नातीपुढे धरला. “बांध.”

पूजाने आजाचा हात धरून त्यांना अंगणभर फिरवलं. फक्कीच्या खुणेवरून तीनदा नेलं. नारळ तिथे एकदाही उठला नाही, उठला तो दुसरीकडेच, दोनदा, दोन वेगळ्या जागी; पोरांनी तिथेही खुणा केल्या. टॉवेल सोडल्यावर आबांनी त्या खुणा पाहिल्या आणि ते पायरीवर बसले. कुणी हसलं नाही. मग ते बाईंना म्हणाले, “बाई, पोराबाळांची आन घिऊन सांगतो, मी उचलत न्हाई त्यो. मंग उचलतंय कोन?” आणि बाईंचा चेहरा असा उजळला की मी तो विसरणार नाही. “आबा, एवढा भारी प्रश्न माझ्या वर्गात आजवर कुणी विचारला नव्हता. पोरांसोबत शोधता का?” दाखल्याचं नाव कुणी काढलं नाही. गंमत म्हणजे बोअर त्या पहिल्या खुणेवर मारली आणि तिला पाणी लागलं! मी पार गोंधळलो. पोरं मात्र गोंधळली नाहीत. त्यांनी आबांना विचारलं, कोरड्या गेलेल्या बोअर किती? आणि पाणाड्याने स्वतः वस्त्यावस्त्यांवर पोरांना हिंडवून आपल्या कोरड्या बोअर दाखवल्या. लोक म्हणत, “आबा, ह्या कशाला दावताय?” तर आबा म्हणत, “माज्या प्रश्नाचा अभ्यास चाललाय. तुमी गप बसा.”

बाई गेल्या त्या रविवारनंतरचा सोमवार. पार्टिशनच्या दोन्ही बाजूंची पोरं मी एकत्र बसवली. पहिल्यांदाच त्या शाळेत अशी शांतता होती, आणि ती मला सोसवेना. शेवटी बाईंच्या चौथीतली एक पोरगी, आता हायस्कुलात गेलेल्या पूजाची धाकटी बहीण सारिका, उभी राहिली. “सर, बाईंचं काळीज कशानं थांबलं?” उत्तरं तयार होती माझ्याकडे. देवाची मर्जी. अटॅक. चांगली माणसं देवालाही हवी असतात. सगळी जिभेवर येऊन उभी राहिली, आणि कसं कोण जाणे, मी म्हणालो, “मला माहीत नाही गं. आधी ते चालतं कसं, हेच आपण कधी बघितलं नाही. कसं बघायचं?”

एकाने छातीवर हात ठेवला. दुसऱ्याने शेजाऱ्याच्या छातीला कान लावला. मनगटात पण वाजतंय, कुणीतरी ओरडलं. पळून आल्यावर जोरात होतं, दुसरं ओरडलं, की निम्मी शाळा अंगणात पळत सुटली. धापा टाकत आत येऊन एकमेकांची मनगटं धरून मोठमोठ्याने मोजायला लागली. रडतही होती त्यातली काही, आणि मोजतही होती. एवढा गलका माझ्या हाताखाली कधी झाला नव्हता. मी खुर्चीत बसून राहिलो होतो. सारिका जवळ आली, तिने माझं मनगट हातात घेतलं, दोन बोटं टेकवून ओठांतल्या ओठांत मोजू लागली आणि मध्येच थांबली.

“सर, तुमी तर पळला न्हाई. मंग तुमचं एवढं जोरात का चाललंय?”

मी म्हटलं, “तुला काय वाटतं?”