मंजूषाने गाळलेली तीन पानं

दुसऱ्याच्या कामात खोट काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. नेदरलँड्समधल्या आइंडहोवेनच्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, आणि ही सवय घरी आल्यावरही सुटत नाही अशी घरच्यांची तक्रार आहे. मंजूषा दीक्षितमध्येही मी आधी खोटच काढली होती. ही बाई शेजारच्या न्यूनेन गावात तीन वर्षं राहते आणि मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला आली तर कोपऱ्यात पुस्तक उघडून बसते, याला काय म्हणायचं? मग एकदा मीच तिच्या शेजारी जाऊन बसले. तेव्हापासून आमची मैत्री.

पुण्यात ती कॉलेजात इंग्रजी शिकवायची. नवऱ्याला, शिरीषला, इकडे नोकरी लागली तशी सगळं सोडून आली. निघताना सासूबाई, सरलाबाई, म्हणाल्या होत्या, "बरं झालं. आता पोरीकडे नीट लक्ष देता येईल तुला." हे वाक्य मंजूषाने मला इतक्यांदा ऐकवलं की सरलाबाईंना न बघताच मला त्यांचा राग यायला लागला होता.

न्यूनेनच्या लायब्ररीत इंग्रजी पुस्तकांचं एक कपाट होतं. त्यात तिला एक ऑस्ट्रेलियन रहस्यकथा सापडली. अ‍ॅडलेडची इन्स्पेक्टर ग्लेनिस. घरी नवरा आणि सात वर्षांचा मुलगा, आणि हातात एका औषध दुकानदाराच्या खुनाचा तपास. मंजूषाने पहिलं प्रकरण मराठीत करून पुण्याच्या एका पाक्षिकाला पाठवलं. संपादक नंदाताईंना ते आवडलं, त्यांनी मूळ प्रकाशकाची रीतसर परवानगी काढली आणि २००५ची दिवाळी झाल्यावर दर अंकात एक प्रकरण छापून यायला लागलं. मंजूषा हाताने लिहायची, शिरीष ऑफिसात पानं स्कॅन करून ईमेल करायचा.

तिची एक अट होती. पुढचं वाचायचं नाही. एक प्रकरण वाचायचं, त्याचं मराठी करायचं, पाठवायचं, मगच दुसरं उघडायचं. "मला शेवट कळला की माझ्या वाक्यांनाही कळतो," ती म्हणायची. आमच्या धंद्यात अशा माणसाला पहिल्याच दिवशी घरी बसवतात. पण तिचं मराठी वाचताना पुढे काय होणार हे खरंच कळत नसे, तेव्हा मी गप्प बसले.

पुण्यात सरलाबाई दर अंक शेजारच्या चार बायकांना मोठ्याने वाचून दाखवायच्या. दर रविवारी फोनवर अभिप्राय यायचा. "बाई कर्तबगार आहे हो तुझी. पण पोराचं दूध नवरा गरम करतो, हे काही शोभाला पटलं नाही." शोभा म्हणजे शेजारीण. नाव शोभाचं, मत कोणाचं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

फेब्रुवारीत एका बुधवारी मंजूषा सहाव्या प्रकरणात होती. बुधवारी इथल्या प्राथमिक शाळा अर्ध्या दिवसाच्या. तिची सहा वर्षांची स्वानंदी सव्वाबाराला सुटायची. ग्लेनिस एका साक्षीदाराला बोलतं करत होती आणि मंजूषाची लेखणी कधी नव्हे इतकी सरसर चालली होती. तिने घड्याळ पाहिलं तेव्हा बाराला नाही, एकला पाच मिनिटं कमी होती. पावसात सायकल हाणत ती पोहोचली. अंगण रिकामं होतं. पायरीवर छपराखाली वर्गाच्या बाईंच्या शेजारी स्वानंदी दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. बाई म्हणाल्या, होतं असं कधी कधी. मंजूषाने मराठीत विचारलं, "घाबरलीस का गं?" पोरीने डचमध्ये सांगितलं, "सगळे गेले."

हे तिने कोणालाही सांगितलं नाही. आणि पुढच्याच आठवड्यात सातवं प्रकरण उघडलं तर त्यात ग्लेनिस कामाच्या नादात मुलाला शाळेतून आणायला विसरते. तीन पानं. मंजूषाने ती गाळली. मुलाला घेऊन ग्लेनिस घरी आली, असं एक वाक्य घातलं आणि प्रकरण पाठवून दिलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

जूनमध्ये ती माझ्याकडे आली ती तोंड पाडून. फक्त शेवटचं, सोळावं प्रकरण राहिलं होतं. त्यात ग्लेनिस खुन्यासमोर बसते. तो मेलेल्याचा भागीदार. ती मुलाला विसरली त्या गुरुवारी आपण परगावी होतो असं त्याचं म्हणणं. आणि ग्लेनिस म्हणते, "शाळेसमोरच्या ज्या बंद घरात हत्यार सापडलं, तिथून तू पावणेचार वाजता बाहेर पडलास. मी वेळेवर आले असते तर गर्दीत तू मला दिसला नसतास."

म्हणजे सगळी कथा त्या तीन पानांवर उभी होती.

मी पुस्तक आणि छापलेले अंक दोन्ही ताडून पाहिले. पळवाट नव्हती. नंदाताईंना फोन केला तर त्या आधी चिडल्या, मग म्हणाल्या, "सातव्या प्रकरणातली पानं राहून गेली असं छापू. आणि विसरली कशाला म्हणता? गाडी बंद पडली म्हणा. वाचकांना तेवढं चालतं." मलाही ते पटलं. मी म्हटलं, "अगं, म्हण की. तुझ्या सासूबाईही खूश राहतील."

मग मंजूषाने मला तो बुधवार सांगितला, पहिल्यांदाच. आणि म्हणाली, "मेधा, मला बारा पंचावन्न हा आकडा मरेपर्यंत विसरता यायचा नाही. का, तर मला लाज वाटली होती. ग्लेनिसलाही पावणेचार लक्षात राहिले ते त्यामुळेच. गाडी बंद पडलेली बाई घड्याळ असं पाठ करत नाही. मग कोर्टात तिच्यावर विश्वास कोण ठेवेल?"

टेस्टर मी, पण खोट तिने काढली.

तिने तीन पानं जशीच्या तशी मराठीत केली. ग्लेनिस विसरली होती, असंच लिहिलं. आणि खाली स्वतःच्या नावाने टीप दिली: 'हा भाग मूळ पुस्तकात सातव्या प्रकरणात आहे. आईने मुलाला विसरणं वाचकांना रुचणार नाही या भीतीने मी तो गाळला होता. चूक माझी.' मी म्हटलं, टीप कशाला, हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. तिने ऐकलं नाही. शिरीषला त्या बुधवारची गोष्ट सांगितली, तेव्हा तो म्हणाला, "स्वानंदीने सांगितलं होतं मला. मी वाट बघत होतो." राहता राहिल्या सरलाबाई.

अंक पुण्यात पोहोचला त्या रविवारी मी तिच्याकडेच होते. शिरीष स्वानंदीला पोहायच्या क्लासला घेऊन गेला होता. मंजूषा कणीक मळत होती, म्हणून फोन मीच स्पीकरवर लावला.

"वाचलं," सरलाबाई म्हणाल्या. नमस्कार चमत्कार काही नाही. "पोराला विसरायला नको होतं तिने."

"हो, आई."

"शोभाने तर तिथेच उठून जायची तयारी केली. आणि तुझी ती टीप. तुला का गं भीती वाटावी?"

मी मंजूषाकडे पाहून मान हलवली, सांगू नकोस म्हणून. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही.

"मीही विसरले होते, आई. स्वानंदीला. फेब्रुवारीत."

पलीकडे नुसता पंख्याचा आवाज.

"किती वेळ?"

"पाऊण तास."

"पाऊस होता?"

"होता."

"आजारी पडली?"

"नाही."

मग त्यांनी विचारलं, "आणि तू काय करत होतीस तेव्हा?"

मंजूषाचे हात परातीत थांबले होते. काहीतरी घरचं काम सांगता आलं असतं, सरलाबाईंना ते कळणारही नव्हतं.

"भाषांतर करत होते. सहावं प्रकरण."

"तो साक्षीदार बोलतो ते?"

"हो."

"ते फार चांगलं उतरलंय," सरलाबाई म्हणाल्या. "ते मी दोनदा वाचून दाखवलं."