भावोजींची बढती

छापखाना बंद पडला तेव्हा भावोजी चाळिशीला टेकले होते. बायकोचा धाकटा भाऊ एसी बसवण्या-दुरुस्तीची कामं घ्यायचा. तो म्हणाला, "भावोजी, माझ्याकडे या. आधी हेल्परचा पगार, हात बसला की मेकॅनिकचा." तेव्हापासून कामावरची पोरं काय नि गिऱ्हाइकं काय, सगळेच त्यांना भावोजी म्हणू लागले.

पहिलं वर्ष शिडी धरण्यात आणि जाळ्या धुण्यात गेलं. मग ते तांब्याच्या नळीला जोड द्यायला शिकले, गॅस भरायला शिकले. तिसऱ्या वर्षी मेहुणा त्यांना एकट्यालाच कामावर धाडू लागला. पगार मात्र होता तिथेच.

विषय काढला की मेहुण्याचं उत्तर तयार. "तुम्ही काय परके आहात? सगळं आपलंच तर आहे!"

"आपलं आहे तर गाडीची किल्ली दे," भावोजी एकदा म्हणाले. मेहुणा पोट धरून हसला. त्याला तो विनोद वाटला.

घरी बायको कात्रीत सापडायची. "तो लहान आहे हो, समजून घ्या."

"लहान? मी शिडीवर लोंबकळतोय, आणि हा खाली उभा राहून गिऱ्हाइकाला सांगतो, हेल्पर आहेत, शिकतायत अजून!"

बायको चहा ठेवायला उठायची. भाऊ तिचाच होता, आणि नवराही.

मग एके दिवशी मेहुण्याने बाहेरचा एक मेकॅनिक आणला. पगार भावोजींच्या दुप्पट. भावोजींनी दातओठ खाऊन तेही गिळलं. पण त्या गड्याने दिलेला पहिलाच जोड गळायला लागला, तेव्हा मेहुणा भावोजींच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "जरा शिकवा ना त्याला."

भावोजींनी पक्कड खाली ठेवली. "मेकॅनिकला हेल्परने शिकवायचं? मग हेल्परने काय करायचं?"

मेहुणा पुन्हा हसला. भावोजी मात्र उठून घरी आले.

एका मोठ्या इस्पितळाला एसीची यंत्रं सांभाळायला माणूस हवा होता. तिथल्या देखभाल विभागाच्या बाईसाहेबांनी त्यांना एक बंद पडलेला एसी दाखवला. त्यांनी तो चालू करून दिला आणि मेकॅनिक म्हणून लागले. मेहुणा तावातावाने घरी आला. "आपलीच माणसं अशी वागली तर धंदा करायचा कसा?" या वेळी बायकोच पुढे झाली. "पगार देऊन," ती म्हणाली.

वर्ष सरलं. पगारवाढ मागायला जायचं म्हणून भावोजींनी रात्रभर भाषण घोकलं. ऑफिसात तोंड उघडलं तोच कारकून म्हणाला, "ती गेल्याच महिन्यात लागली की. वर्ष झालं की आपोआप लागते. बघितलं नाहीत?"

भावोजी घरी आले ते फणफणतच.

"अहो, वाढ मिळाली ना? मग चिडताय कशाला?" बायकोने विचारलं.

"आपोआप लागते म्हणे!" भावोजींनी चपला भिरकावल्या. "आणि मी तीन वर्षं तिकडे नाक घासत होतो!"