महादूकाकांचं गुड मॉर्निंग

दुकानाच्या खालच्या खणात जुने हँडसेट साचतात ना, तसे हे किस्से साचलेत. टाकवत नाहीत आणि कामालाही येत नाहीत. पनवेलजवळच्या चौक गावच्या नाक्यावर माझं दुकान. आधी एसटीडी बूथ होता, मग रिचार्ज आणि रिपेअरिंग आलं, आता कव्हरं विकतो. बोर्ड बदलत गेले. गिऱ्हाईक मात्र आमच्या गावचंच, आणि वैताग दर वेळी नवा!

बूथ होता तेव्हा अख्ख्या गावाचा पीपी नंबर माझाच. म्हणजे फोन माझ्याकडे यायचा आणि माणसाला बोलवायला सायकल मी हाणायची. एकदा महादूकाकांच्या साडूचा फोन आला. "अर्जंट आहे, बोलवा." भर दुपारी मी काकांना शेतातून डबल सीट घेऊन आलो. काकांनी फोन कानाला लावला, "बरं बरं" म्हणाले आणि ठेवला.

"काय झालं काका?"

"काय नाय. फोन लागतोय का बघत व्हता!"

मग मोबाईल आले आणि मिस कॉलचं राज्य सुरू झालं. सुमनकाकूंचे यजमान नोकरीला पनवेलला. चौकला उतरले की ते एक मिस कॉल द्यायचे आणि इकडे काकू भात टाकायच्या. एकदा काकूंचा फोन माझ्याकडे दुरुस्तीला होता, हे यजमानांना ठाऊक नव्हतं. रिंग वाजली, मी उचलला.

"उचललास कशाला रं?" पलीकडून गडी कडाडला. "आता भात कोन टाकनार?"

पुढे गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला. सगळ्यांचे फोन माझ्या हातून गेलेले, म्हणून ॲडमिन मीच. सुखाचा जीव दुःखात घालणं म्हणतात ते हेच! थोड्याच दिवसांत तुकाराम आण्णा ग्रुपमधून 'लेफ्ट' झाले. आमच्याकडे पंगतीत कोणी ताटावरून उठलं, तर घरी जाऊन रुसवा काढावा लागतो. तशी वडीलधारी मंडळी आण्णांच्या दारी गेली. चहा झाला, "आमचं काय चुकलं?" झालं, एकाने तर माफीही मागितली. आण्णा भांबावले.

"अरं, मी कुठं गेलो? सकाळधरनं घरातच हाय की!"

त्यांचं बोट भलत्याच जागी लागलं होतं.

याच ग्रुपमध्ये महादूकाका आहेत आणि त्यांचा धाकटा भाऊ बाळूकाकाही. घरं भिंतीला भिंत लागून. पण शेताच्या बांधावरून वाजलं तेव्हापासून बोलणं बंद, आणि आता तर दोघंही म्हातारे झाले. मध्ये पडून पडून मी थकलो. "आता तरी बोला" म्हटलं, की दोघांचं उत्तर एकच, "आधी त्याला सांग."

महादूकाका रोज पहाटे ग्रुपवर फुलाचा फोटो टाकतात. गुड मॉर्निंग! एकदा गावात मयत झालं. ग्रुपवर श्रद्धांजल्यांची रांग लागली आणि मध्येच काकांचा गुलाब! मी फोन करून चांगलं सुनावलं.

काका शांतपणे म्हणाले, "मेल्याला श्रद्धांजली वाहिली ना? मंग जित्यांनी उठायचं नाय का?"

एकदा बाळूकाका दुकानात आले. "त्याचा फोटू रोज माज्या मोबाईलमदी येतो. कायतरी कर."

"ब्लॉक करू त्यांना?"

"ब्लॉक नको."

"मग फोटो डिलीट कसा करायचा, ते दाखवतो."

"डिलीट पन नको," म्हणाले आणि फोन खिशात घालून निघून गेले. मी पुन्हा कव्हरं लावत बसलो.

परवा पाण्याच्या टाकीवरून ग्रुपवर भांडण पेटलं. दिवसभर मेसेजचा मारा, आणि प्रत्येकाच्या शेवटी "ॲडमिनने लक्ष घालावे." ॲडमिनने किती घालायचं लक्ष? ॲडमिनलाही बायको-पोरं आहेत! संध्याकाळी दुकान बंद करताना ग्रुपही बंद करून टाकला. मेसेज फक्त ॲडमिननेच पाठवायचा, अशी सोय असते त्यात. घरी जाऊन किती दिवसांनी शांतपणे जेवलो.

सकाळी शटर वर करतोय, तर समोर स्कूटर थांबली. बाळूकाका चालवत होते आणि मागे महादूकाका बसले होते. मी शटर तसंच धरून उभा राहिलो.

"फूल जात नाय रं मोबाईलमधनं," महादूकाका म्हणाले. "पहाटेपासून खटपट करतोय. तेवढ्यात ह्यो दार बडवाया लागला. उघडलं, तर अंगात सदरा नाय, पायात चप्पल नाय, आन् रडतोय!"

"फूल नाय आलं," बाळूकाका रस्त्याकडे बघत म्हणाले. "मला वाटलं, दादा गेला."

मी शटर वर ढकललं. खिशातून फोन काढला आणि म्हटलं, "मीच बंद केला होता ग्रुप. थांबा, आत्ता चालू करतो."

"कर, कर," महादूकाका म्हणाले.

बाळूकाकांनी माझ्या फोनवर हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे बंद."