फिंचच्या गाण्याचं शेपूट

गेल्या वर्षी ओडीलने एका सायकलच्या चाकाच्या कुरकुरीला फिंच पक्ष्याचं गाणं समजून स्पर्धेच्या पट्टीवर खडूने रेघा मारल्या. ही गोष्ट गावात अजूनही बिअरबरोबर तोंडी लावायला पुरते. ज्याच्या पक्ष्याच्या नावावर त्या रेघा पडल्या, तो मनातून खूश झाला. स्पर्धेतलाच मॉरिट्स मात्र भडकला, कारण त्या फुकटच्या रेघांनी त्याचा पहिला नंबर हुकला.

बेल्जियममधल्या आमच्या फ्लँडर्समध्ये रविवारची सकाळ फिंचची असते. रस्त्याकडेला स्टुलांची लांब रांग आणि प्रत्येकासमोर लाकडाची एक बंद पेटी. पेटीत पक्षी असतो. तासाभरात ज्याचा पक्षी जास्त वेळा गाईल तो जिंकला. पण आपण बसायचं दुसऱ्याच्या पक्ष्यापुढे. तो पुरतं गाणं गायला, की लांब काळ्या पट्टीवर एक रेघ. पुरतं म्हणजे शेपटासकट, ‘सुस्के-विएट’ असं. ‘विएट’ गिळलं तर रेघ नाही. सगळा कारभार दुसऱ्याच्या कानांच्या भरवशावर चालतो, म्हणून ज्याला ऐकू येत नाही त्याला रांगेत स्टूल नाही. आणि मालकाला स्टूल नाही, तर त्याच्या पक्ष्यालाही जागा नाही.

वसंतातल्या बैठकीत मॉरिट्सने तोंड उघडलंच. “ओडीलचे कान गेलेत. मलाही वाईट वाटतं, पण त्याच्या हातातला खडू काढून घ्या.”

फिंचवाल्यांच्या मंडळाची अध्यक्ष गोडलीव बोलायला तुटक, पण न्यायाची पक्की. ती म्हणाली, “मोसमाच्या पहिल्या रविवारी बघू. चूक सापडली, ओडील, तर तू कॉफी वाटायला.”

कॉफी वाटायला! चाळीस वर्षं रांगेत बसलेला माणूस. ओडीलने घरी येऊन सगळं सांगितलं. त्याची बायको झुल्मा म्हणाली, “मी कधीची सांगतेय, मशीन घे. तू टीव्ही लावलास की बातम्या शेजारच्या गाई ऐकतात.”

मग कानाची मशीनं आली. दुकानातल्या शांत खोलीत ओडीलला स्वतःच्या शर्टाची सळसळसुद्धा ऐकू आली आणि तो हरखून गेला. दुकानातली मुलगी म्हणाली, “कानामागे हे बटण आहे. एकदा दाबलं की गोंगाटासाठी. बाहेर वाऱ्यात, गर्दीत हेच लावा, नको ते आवाज मशीन गाळून टाकतं. आणखी एकदा दाबलं की संगीतासाठी.”

“संगीत बिंगीत नको मला,” ओडील म्हणाला. “मी फिंचवाला आहे.”

पहिला रविवार उजाडला आणि चिठ्ठ्या टाकल्यावर ओडीलच्या वाट्याला नेमका मॉरिट्सचा पक्षी आला. नशिबालाही कधीकधी चेष्टा करायची हुक्की येते. सुरुवातीचा झेंडा पडला. शेतांवरून आलेला वारा ओडीलच्या कानात ताडपत्रीसारखा फडफडू लागला, त्यात कपबशांचा खणखणाट आणि सायकलवाल्यांची आरडाओरड. त्याने बटण दाबलं. वारा गेला, कपबशा गेल्या. काय शांतता होती!

जरा जास्तच होती. डावी-उजवीकडचे खडू भराभर चालत होते आणि त्याची पेटी मुकी. पक्षी रुसला असेल, असं त्याला वाटलं. तेवढ्यात चार स्टुलं पलीकडून मॉरिट्स मान उंचावून त्याच्या कोऱ्या पट्टीकडे डोळे वटारताना दिसला. तेव्हा कुठे ओडीलला कळलं. मशीनने वाऱ्याबरोबर फिंचलाही गाळून टाकलं होतं! त्या शहाण्या यंत्राच्या लेखी फिंच म्हणजे ‘नको तो आवाज’. बनवणारा रविवारी कधी आमच्याकडे फिरकलेला नसणार.

शेजाऱ्याच्या हाताकडे बघून अंदाजाने रेघा ओढता आल्या असत्या. मॉरिट्स खूश झाला असता, तक्रारही आली नसती. खडू पट्टीपर्यंत गेलासुद्धा. पण चाकाला रेघ मारली ती चूक होती, ही लबाडी झाली असती. त्यापेक्षा कॉफी वाटलेली बरी. ओडीलने हात मागे घेतला आणि हरलेल्या मनाने कानामागचं बटण आणखी एकदा दाबलं. मशीन त्याला नको असलेल्या संगीतावर गेलं.

सगळं एकदम अंगावर आलं. वारा, कपबशा, मागे कुणाच्या तरी गुडघ्याच्या ऑपरेशनची चर्चा, आणि त्या सगळ्या कल्लोळात फिंच, अगदी शेपटासकट. ‘विएट!’ ते शेवटचं टोक त्याने कित्येक वर्षांत ऐकलंच नव्हतं. अर्धं गाणं ऐकून उरलेलं तो मनानेच जोडत आला होता. त्याचे डोळे भरून आले. त्याने रेघ मारली.

पुढचं गाणं आलं, त्याला शेपूट नव्हतं. त्यापुढचंही बांडं. ओडीलने खडू धरून ठेवला.

तास संपला तेव्हा पट्टीवर रेघा जेमतेमच होत्या. मॉरिट्स धावतच आला. “माझा पक्षी तासभर गळा फाडून गायलाय आणि हा ठोंब्या नुसता खडू धरून बसलाय! मी माझ्या कानांनी ऐकलंय!”

“पहिली पाचेक मिनिटं मला काही ऐकू आलं नाही,” ओडील सरळ म्हणाला. “तेवढा माझा दोष. पण पुढच्या रेघा खऱ्या आहेत.”

“खऱ्या आहेत,” गोडलीव म्हणाली. “मी मागेच उभी होते. गायला खूप, मॉरिट्स, पण शेपूट गिळत होता. त्या पाच मिनिटांतही दोनदाच धड गायला, त्या दोन रेघा मी घालते. ओडील, चुकलास ते स्वतःहून सांगितलंस, खडू तुझ्याकडेच ठेव.”

“म्हणजे तुम्ही दोघंही बहिरे!”

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, तसंच कानांचंही असावं. ओडीलने डाव्या कानातलं मशीन काढलं, शर्टाला स्वच्छ पुसलं आणि पुढे केलं. “लाव.”

“शी! तुझ्या कानातलं?”

“पुसलंय. लाव म्हणतो ना.”

मॉरिट्सने तोंड वाकडं करत ते कानात बसवलं. पेटीतला पक्षी गायला. मॉरिट्स वाकला. पक्षी पुन्हा गायला. मॉरिट्स पेटीला कान लावून कितीतरी वेळ तसाच उभा राहिला.

“हा ‘विएट’ म्हणतच नाही रे,” तो हळूच म्हणाला.

“नाही म्हणत.”

“कधीपासून?”

“मला काय विचारतोस?” ओडील म्हणाला. “मी तरी आजच ऐकायला लागलोय.”